३ एप्रिल की ४ मार्च?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी पाच आरोग्य उपकेंद्रांकडून गरोदर मातांच्या नोंदी एक्सेलमध्ये मिळाल्या. शेवटच्या पाळीची तारीख कुठे १३/०४/२०२१, कुठे १३.४.२१, कुठे '१५ मे २०२१', तर मध्येच नुसता ४४२५९. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वळवून घेतल्या, एरर एकही नाही. पण काहीजणी चौदाव्या महिन्यात बाळंत झालेल्या दिसतात, आणि एकीचं बाळ तर पाळी चुकायच्या आधीच जन्मलंय! कुठे चुकलं?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : एरर आली नाही, हीच तर अडचण. वाचता न आलेली तारीख रिकामी राहते, म्हणून नजरेत भरते. उलटी वाचलेली साळसूदपणे बाकीच्यांत बसून राहते.

तुमचा ४४२५९ घ्या. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं. १९०० लीप वर्ष नसूनही ते तसं धरतं, म्हणून 'आर'मध्ये आरंभ ३० डिसेंबर १८९९ द्यावा लागतो. तो तुम्ही दिलाच असेल, आणि उत्तर आलं असेल ४ मार्च २०२१. पण टाइप करणाऱ्या ताईंनी ०३/०४/२०२१, म्हणजे ३ एप्रिल लिहिलं असेल तर? संगणकाची सेटिंग अमेरिकन असली की एक्सेल महिना आधी वाचतं. १३/०४ त्याला पचत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती तारीख मजकूर म्हणून जशीच्या तशी राहते. म्हणजे ओबडधोबड दिसणाऱ्या तारखा शाबूत, आणि संशय घ्यायचा तो नीटनेटक्यांवर. वर्षातल्या १४४ तारखांत दिवस बारा किंवा त्याहून कमी असतो. १/१, २/२ अशा बारा वगळल्या तरी १३२ तारखा गुपचूप फिरू शकतात.

मी स्वतः एकदा वीस महिन्यांचं गरोदरपण अहवालात छापून दिलं होतं. हत्तीणीला बावीस लागतात. बैठकीत डॉक्टरीणबाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली.

तेव्हापासून मी तारखांचा कॉलम आधी मजकूर म्हणूनच आत घेते आणि मूळ कॉलम कधीच पुसत नाही. मग एकेका उपकेंद्राचे ४४२५९सारखे नुसते आकडे वेगळे काढते, कारण प्रत्येकाचा संगणक निराळा. ते आकडे तारखेत बदलून फक्त दिवस मोजायचे. भरपूर नोंदी असूनही १३ ते ३१ मधला एकही दिवस सापडला नाही, तर तिथल्या तारखा उलटल्या आहेत. दिवस-महिन्याची अदलाबदल करा. सापडले, तर हात लावू नका. नोंदी थोड्याच असतील तर नोंदणीच्या तारखांचा कॉलम बघा. वही क्रमानं भरली जाते, त्यामुळे एप्रिलच्या ओळींत घुसलेला मार्च लगेच पकडता येतो.

देवनागरी अंक असतील तर 'चार्टीआर' फंक्शननं बदलून घ्या, 'मे'च्या जागी ०५ घाला, आणि मगच लुब्रिडेटकडे, म्हणजे 'आर'मधल्या तारखा वाचणाऱ्या पॅकेजकडे, जा. तुमच्या '२१'ला धोका नाही. पण दोन आकडी साल ६८ पर्यंतचं असलं की 'आर' ते एकविसाव्या शतकात टाकतं. माझ्या सासूबाई त्याच्या हिशेबानं २०५२ साली जन्मणार आहेत.