न्यू जर्सीतल्या एडिसनहून आईबाबा आणि मुलांना घेऊन प्रिन्स्टनला शनिवार-रविवार कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की भारतातून आलेले आईबाबा ऑक्टोबरअखेर परत जाणार आहेत, मुलगी चौदाची, मुलगा सहाचा, न्यूयॉर्क आणि नायगारा करून झालं. आता सगळे प्रिन्स्टन हे जवळचं विद्यापीठाचं गाव सुचवतायत, पण एका कॉलेजात दोन दिवस काय करायचं हे कळत नाहीये. माझं सरळ उत्तर: जा, आणि एक रात्र तिथे राहाच. घर जवळ आहे म्हणून संध्याकाळी परत फिरलात, तर या गावातली सगळ्यात चांगली वेळ हुकेल. ती कोणती, ते पुढे सांगते.

आधी तारीख ठरवा, आणि तीही विद्यापीठाचं शैक्षणिक कॅलेंडर समोर ठेवून. अशा गावाचं सगळं चलनवलन विद्यार्थ्यांवर असतं. ते असले की गाव जागं, ते गेले की नुसत्या देखण्या दगडी इमारती. त्यामुळे सत्र चालू असतानाचा शनिवार हवा. ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास त्यांची मधली सुट्टी असते, ती टाळा. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा तुम्हाला उत्तम. फुटबॉलचं वेळापत्रकही बघून घ्या. त्या शनिवारी घरच्या मैदानावर सामना असेल तर हॉटेलं महागतात आणि स्टेडियमच्या आसपास गाडी लावणं अवघड होतं. मात्र मुलाला केशरी-काळ्या चौकड्यांचे कोट घातलेला बँड बघायला मिळेल, तेव्हा गर्दी चालणार असेल तर मुद्दाम तोच दिवस निवडायलाही हरकत नाही. (उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी: मेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा आणि पाठोपाठ पदवीदान असतं. त्या दिवसांत सहलीला जाऊ नका.)

जाताना घरच्यांचे दोन गट करा, असं मी सुचवेन. आईबाबा आणि सामान गाडीतून थेट हॉटेलवर. मुलं आणि तुमच्यापैकी एक जण ट्रेनने: एडिसन स्टेशनवरून नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइनने प्रिन्स्टन जंक्शन, तिथे गाडी बदलून 'डिंकी'. ही छोटी गाडी जेमतेम 2.7 मैल धावते आणि पाचेक मिनिटांत विद्यापीठाच्या पायथ्याशी आणून सोडते. सहा वर्षांच्या मुलाला याचं कौतुक वाटणारच. मोठ्या गाडीतून उतरायचं, समोर छोटी गाडी वाट बघत उभी, आणि बसून स्थिरस्थावर होईपर्यंत उतरायची वेळ.

आईबाबांच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. विद्यापीठाचं आवार सपाट नाही. नॅसॉ स्ट्रीट हा गावाचा मुख्य रस्ता उंचावर आहे आणि तिथून जमीन तळ्याच्या दिशेने उतरत जाते. खालून फिरायला सुरुवात केलीत तर सगळा चढ त्यांच्या वाट्याला येईल. म्हणून त्यांना वर, नॅसॉ स्ट्रीटवरच्या मुख्य फाटकापाशी उतरवा आणि तिथून सावकाश फिरा. परत वर यायला विद्यापीठाची टायगरट्रान्झिट बस आहे, ती सगळ्यांना मोफत आहे. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, एवढं बघून घ्या.

फाटकातून आत शिरलं की समोर नॅसॉ हॉल. 1756 साली बांधून झालेली ही इमारत 1783 मध्ये काही महिने अमेरिकेच्या काँग्रेसचं सभागृह होती, म्हणजे तेवढ्या काळापुरतं हे छोटं गाव देशाची राजधानी होतं. दाराच्या दोन्ही बाजूंना ब्राँझचे वाघ आहेत. पिढ्यान् पिढ्या मुलं त्यांच्या पाठीवर चढत आली आहेत, तुमचाही चढेल, चढू द्या. मग इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीकडे जा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 3 जानेवारी 1777 च्या लढाईत ब्रिटिश सैनिक या इमारतीत आसरा घेऊन होते आणि वॉशिंग्टनच्या सैन्याने तिच्यावर तोफा डागल्या. त्यातल्या एका गोळ्याचा वण आजही दगडावर दिसतो. पानांच्या वेली चढलेल्या असतात, त्यामुळे चटकन सापडत नाही. मुलाला शोधायला लावा, आजोबांना त्याच्या बाजूने घ्या. आणखी एक गोळा आत शिरून राजा दुसऱ्या जॉर्जच्या तसबिरीचं डोकं उडवून गेला अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, मुलाला ती आयुष्यभर आठवेल.

तिथून चर्च आणि कला संग्रहालय दोन्ही चालण्याच्या टप्प्यात आहेत. विद्यापीठाचं चर्च 1928 चं. दुपारच्या उन्हात त्याच्या रंगीत काचा बघायला आत दहा मिनिटं नुसतं बसा. आईंना ही जागा आवडेल असं मला मनापासून वाटतं, शिवाय बसायला बाकं आहेत. संग्रहालयाची नवी इमारत 31 ऑक्टोबर 2025 ला खुली झाली आणि प्रवेश मोफत आहे. सगळी दालनं पालथी घालू नका. मोनेचं कमळतळं आणि जपानी पुलाचं 1899 मधलं चित्र, अँटिओकच्या उत्खननातल्या रोमन मोझेक फरशा आणि आशियाई कलेचं दालन एवढं पुष्कळ झालं. याच वेळात मुलाला फायरस्टोन ग्रंथालयातल्या कॉट्सन बालविभागात न्या. मुख्य ग्रंथालयात बाहेरच्यांना सहज जाता येत नाही, हा विभाग मात्र सगळ्यांसाठी आहे. आत एक भलंमोठं झाड केलंय, त्यात बसून पुस्तकं वाचता येतात. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी तपासा.

बाबा आइन्स्टाइनचं घर विचारतील. 112 मर्सर स्ट्रीट, गावातून चालत जाण्यासारखं. 1935 पासून 1955 मध्ये निधन होईपर्यंत ते तिथे राहिले. आपल्या घराचं स्मारक होऊ नये ही त्यांची इच्छा होती, म्हणून तिथे पाटी नाही, तिकीट नाही. घर खाजगी आहे, तेव्हा पदपथावरूनच बघायचं. त्यांना हेही सांगा की आइन्स्टाइन प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ते इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी या 1930 मध्ये स्थापन झालेल्या वेगळ्या संस्थेत होते. आणि आजचं नाव हवं असेल तर मंजुल भार्गव. 2014 चं फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळवलेले, तबला वाजवणारे हे गणिती याच विद्यापीठात शिकवतात. बाबांना हा विषय घरापर्यंत पुरेल.

आता संध्याकाळ. सत्र चालू असताना विद्यार्थ्यांचे गायनगट दगडी कमानींखाली उभे राहून वाद्यांशिवाय गातात. ब्लेअर कमान त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. वीस-पंचवीस मुलं-मुली अर्धवर्तुळात उभी राहतात, कोणीतरी हळूच सूर देतं, आणि कमानीच्या घुमटात आवाज असा भरतो की येणारे-जाणारे पाठीवरच्या पिशव्यांसकट थांबतात. कधी, कुठे हे गटांच्या समाजमाध्यमांवर किंवा आवारातल्या भित्तिपत्रकांवर कळतं. बऱ्याचदा कार्यक्रम रात्री उशिरा असतो. म्हणूनच मुक्काम हवा, आणि तोही गावाच्या मध्यातल्या पामर स्क्वेअर या चौकाजवळ. गावाबाहेरच्या रूट वन महामार्गावरची हॉटेलं स्वस्त पडतात, पण तिथून रात्री पुन्हा गाडी काढायचा कंटाळा येतो आणि जाणं राहून जातं. आईबाबा दमले असतील तर ते खोलीवर झोपतील, तुम्ही मुलीला घेऊन जा.

मुलीबद्दल थोडं कळकळीने लिहिते. आपल्याकडे अशा ठिकाणी पाऊल ठेवलं की कोणीतरी म्हणतंच, 'इथे प्रवेश मिळवायचा हं!' कृपा करून या दोन दिवसांत हे वाक्य कोणालाही बोलू देऊ नका, आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा. चौदाव्या वर्षी मुलांना त्या वाक्याचं ओझं होतं आणि मग समोरचं काहीच दिसत नाही. तिला विद्यार्थ्यांसारखं हिंडू द्या: पुस्तकांच्या दुकानात तासभर, बेंट स्पूनचं आइस्क्रीम हातात घेऊन चौकात बसणं, हिरवळीवर लोळणं. मुख्य फाटकाची गोष्ट तेवढी सांगा. पदवी मिळण्याआधी त्यातून बाहेर पडलं तर पदवीच मिळत नाही अशी तिथल्या मुलांची समजूत आहे, त्यामुळे बरेच जण बाजूच्या दारांनी ये-जा करतात. पाच मिनिटं उभं राहून कोण कुठून बाहेर पडतंय हे बघण्यात तिला गंमत वाटेल. विद्यार्थी घेऊन फिरवतात त्या मोफत फेरीला जायचं का, हे तिला विचारा. नको म्हणाली तर सोडून द्या.

रविवार मोकळ्या हवेचा ठेवा. मुलं आणि तुम्ही डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने चाला. हा कालवा 1830 च्या दशकात खणला. खेचरं काठावरून दोर ओढत नावा नेत, म्हणून काठाची वाट अगदी सपाट आहे. शेजारीच कार्नेगी तळं, 1906 मध्ये अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून खास नौकानयनासाठी केलेलं. सकाळी गेलात तर वल्हवणारे संघ सराव करताना दिसण्याची शक्यता चांगली. आईबाबांना चालणं जमत असेल तर त्यांनाही न्या, नसेल तर प्रिन्स्टन बॅटलफील्ड पार्कच्या मोकळ्या मैदानावर गाडीने जा आणि घरून आणलेला पोळी-भाजीचा डबा तिथेच खा. मैदानाला लागून इन्स्टिट्यूटचं जंगल आहे, आत झुलता पूल आहे, मुलगा तिथून लवकर निघायचा नाही.

पाऊस आला तर क्रम उलटा करा: जो दिवस ओला, त्या दिवशी संग्रहालय आणि चर्च, उरलेल्या दिवशी कालवा. आणि परतताना वेळ उरलाच तर गावाबाहेर टर्ह्यून ऑर्चर्ड्सला सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडावरची सफरचंदं स्वतः तोडता येतात. रविवारी दुपारी तिथे भयंकर गर्दी होते, म्हणून तिकडे जायचं असेल तर कालवा सकाळी लवकर उरका.