जिल्ह्याच्या लोकसंख्येचा अंदाज: वयोगटांचा तक्ता की माणूस-माणूस धरून?

रत्नागिरी जिल्ह्यासाठी मायक्रोसिम्युलेशनचा, म्हणजे संगणकात एकेक माणूस वेगळा धरून त्याचं आयुष्य वर्षावर्षाने पुढे नेण्याचा, खटाटोप करावा का, असं तुम्ही विचारलंय. नुसती एकूण संख्या हवी असेल तर नको. वयोगटांचे जन्मदर, मृत्युदर, स्थलांतर मांडणारा नेहमीचा तक्ता पुरतो. पण किती घरांना कुलूप लागेल, किती म्हातारी एकटी राहतील, हे तक्ता सांगू शकत नाही. कोण कोणाचं, हे त्याला ठाऊकच नसतं.

आणि कोकणात सगळा खेळ त्याचाच आहे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. आधी नवरा मुंबईला जातो, काही वर्षांनी बायको-मुलं, मागे आईवडील. निवृत्तीनंतर काही चाकरमानी परततात. (गणपतीत मोजलं तर चित्र वेगळंच दिसेल, पण शिरगणती फेब्रुवारीत झाली होती.)

मायक्रोसिम्युलेशनची, अमेरिकी अर्थतज्ज्ञ गाय ऑर्कट यांनी १९५७ मध्ये मांडलेली कल्पना तशी सरळ आहे. प्रत्येक माणसाची एक नोंद: वय, लिंग, घर क्रमांक, जोडीदार, आई. दर वर्षी प्रत्येकासाठी शून्य ते एकमधला एक आकडा यदृच्छया काढायचा. तो मृत्यूच्या संभाव्यतेपेक्षा लहान आला तर माणूस गेला. लग्न, मूल, स्थलांतर, सगळं असंच. फायदा हा, की स्थलांतराची संभाव्यता घरावर ठेवता येते: भाऊ आधीच मुंबईत आहे का, मागे म्हातारं कोणी आहे का.

सुरुवातीची माणसं कृत्रिमच बनवावी लागतात. सर्वेक्षणातली नमुना कुटुंबं घ्यायची आणि त्यांना असे भार द्यायचे (म्हणजे एक कुटुंब किती कुटुंबांच्या जागी धरायचं ते ठरवायचं) की जनगणनेतल्या वय, लिंग, कुटुंबाच्या आकाराच्या बेरजा जुळतील. इथवर फार अडत नाही.

अडतं ते स्थलांतरावर. चाकरमानी मोजला जातो मुंबई-ठाण्यात, त्यामुळे कोण कुठल्या घरातून गेलं हे गावाकडच्या नोंदीत दिसत नाही. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने घर सोडून गेलेल्यांबद्दल विचारलं होतं, पण एका जिल्ह्यापुरता तो नमुना तोकडा आहे. शेजारचे जिल्हे एकत्र करून दर काढा.

मग मॉडेल २००१ पासून सोडा आणि २०११ ला थांबवा. एकूण घट जुळली म्हणून लगेच खूश होऊ नका. स्त्री-पुरुष प्रमाण ११३६ वरून ११२२ वर येतंय का तेही बघा. बायका-मुलं किती उशिरा मागून जातात हे चुकलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं. आणि मॉडेल निदान शंभरदा तरी चालवा. तालुक्याचे आकडे बऱ्यापैकी स्थिर राहतात, पण दोनशे वस्तीच्या वाडीचा आकडा दर वेळी वेगळा येतो, तो कुणाला दाखवू नका.