शेजारून आलेले ताट आणि घरचा कुत्रा

चवथीला नेवऱ्या, दिवाळीला फोव, नाताळात शेजारून फडक्याखाली झाकून येणारे ताट. गोव्यात सण कुणाचाही असो, उरलेसुरले सगळ्यांच्याच घरी असते आणि ते कुत्र्यापुढे ठेवायची सवय जुनी आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात सकाळपासून ओकारीचे कुत्रे येऊ लागतात. नाताळ तोंडावर आहे, म्हणून या वेळी खाण्याविषयीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : गेल्या नाताळात शेजारच्या आंटीने दिलेल्या प्लम केकचा तुकडा आमच्या पॉमने (पॉमेरेनियन कुत्र्याने) पळवला. त्याला काहीच झाले नाही. तरी बहीण म्हणते की मनुका कुत्र्याला विषासारख्या. खरे आहे का? (म्हापसा)

बहिणीचे ऐका. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एका कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, दुसऱ्याला थोड्याशा मनुका पुरतात. त्यामुळे अमुक इतक्या चालतील असा आकडा मी कुणालाच देत नाही. असे का होते ते बरीच वर्षे कळत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. द्राक्षात ते भरपूर असते, पण फळाची जात आणि पिकलेपण यांनुसार कमीजास्त होते. तुमचा पॉम वाचला तो बहुधा त्यामुळेच.

हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. तेव्हा कोळ काढून उरलेला चिंचेचा चोथा परसात फेकू नका.

केकमधल्या मनुका तर कित्येक दिवस रममध्ये भिजलेल्या असतात, म्हणजे दारूही पोटात जाते. मनुका खाल्ल्यावर पहिल्या दिवसात ओकारी येते, कुत्रा मलूल होतो. मूत्रपिंडाची खरी हानी रक्ततपासणीत दिसायला एक ते तीन दिवस लागतात. लघवी कमी झालेली तुमच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून यंदा तुकडा पळवला तर वाट बघू नका, त्याच तासाला फोन करा. शेवयांची खीर, शिरा, पुलाव यांतले बेदाणेही यातच आले.

प्रश्न : शाकुतीची (मटणाच्या मसालेदार रश्श्यातली) हाडे आमच्या घरी पूर्वीपासून कुत्र्यालाच घालतात. माझी आजी तेच करायची, तिचे कुत्रे चांगले जगले. आता डॉक्टर नको का म्हणतात? (फोंडा)

आजीच्या वेळीही कुत्रे हाडांनी मरत होते, फक्त कशाने मेले ते कुणी पोट उघडून बघत नव्हते. शिजलेले हाड ठिसूळ होते आणि चावल्यावर त्याच्या अणकुचीदार चिपा पडतात. त्या घशात रुततात, आतडे फाडतात. नाहीतर हाडांचा चुरा गुदद्वाराशी सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि कुत्रा कुंथून कुंथून रडतो.

काही वर्षांपूर्वी एक काळा गावठी कुत्रा माझ्याकडे दोरीने बांधून आणला होता. तोंडातून लाळेच्या तारा, पुढचा पंजा सारखा गालावर घासत होता. पिसाळला म्हणून घरचे कुणी जवळ जायला तयार नव्हते. त्यांची भीती योग्यच होती, अशा कुत्र्याच्या तोंडात घरच्यांनी हात घालूच नये. आम्ही त्याला भूल देऊन जबडा उघडला. वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये, टाळूला चिकटून, बकऱ्याच्या फासळीचा तुकडा आडवा अडकला होता. करंगळीच्या दोन पेरांएवढा. चिमट्याने तो खाली ओढला, तेव्हा टाळूवर खोल चर पडलेला दिसला. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते.

इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, मधला काटाही घालू नका. मासळी द्यायचीच तर उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून द्या.

प्रश्न : सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा तिखट रस्सा) खाल्ल्यावर आमची लॅब्रॅडोर कुत्री दोन दिवस ओकत होती. तिखटामुळे असेल का? (मडगाव)

तिखटाने पोट जळते, पण दोन दिवस ओकारी म्हटल्यावर मला आधी डुकराच्या चरबीचा संशय येतो. एकदम खूप चरबी पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. असा कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून राहतो, पोटाला हात लावू देत नाही. ही घरी बरी करायची गोष्ट नाही, सलाइन आणि वेदनाशामक लागते.

दुसरे कारण कांदा-लसूण. कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला साधारण ५० ग्रॅम, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतो. लसूण त्याहून जहाल. भाजला, तळला, वाटला तरी गुण जात नाही. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर घरचे जेवण विसरलेले असतात. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. फिकट किंवा पिवळसर दिसल्या, लघवी तांबूस-काळी झाली, तर लगेच आणा.

प्रश्न : चॉकलेट किती खाल्ले तर धोका? (वास्को)

दहा किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅम दुधाचे चॉकलेट खाल्ले तर ओकारी, जुलाब, बेचैनी होऊ शकते. तेवढेच गडद चॉकलेट असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याइतके थिओब्रोमिन, म्हणजे कोकोतले कुत्र्याला बाधणारे द्रव्य, पोटात जाते. कोको पावडर दुधाच्या चॉकलेटच्या सुमारे दहापट जहाल. घरात मधुमेही असतील तर बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगम, केक यांच्या पाकिटावर ‘झायलिटॉल’ हा शब्द शोधा; साखरेऐवजी वापरतात तो हा गोड पदार्थ. त्याने अर्ध्या तासातही कुत्र्याची साखर कोसळून झटके येऊ शकतात.

प्रश्न : असले काही खाल्ले तर मिठाचे पाणी पाजून ओकवावे, असे शेजारी सांगतात. दूधही देतात. करावे का? (डिचोली)

नाही. हे मी हात जोडून सांगतो. मिठाच्या पाण्याने ओकारी झाली नाही तर ते सगळे मीठ रक्तात जाते, मेंदूवर परिणाम होतो आणि झटके येतात. दुधाने विष उतरत नाही. तेल पाजले तर फुप्फुसात जाऊ शकते. घशात बोट घालू नका. हाड गिळले असेल तर ओकवणे आणखी धोक्याचे, वर येताना ते अन्ननलिका फाडते.

फोनवर चार गोष्टी सांगा : काय खाल्ले, किती, किती वाजता आणि कुत्र्याचे वजन. पाकीट किंवा उरलेला तुकडा बरोबर आणा. पहिल्या दोनेक तासांत आम्ही इंजेक्शनने ओकवू शकतो. पुढे ते अवघड होत जाते.

प्रश्न : जेवणावळीनंतर उरलेले अन्न वाड्यावरच्या कुत्र्यांना घालावे की नाही? (काणकोण)

घाला, पण निवडून. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्याकडेला ठेवलेले अन्न कुत्रा पिशवीसकट गिळतो. रश्श्याचा वास लागलेले फॉइल आणि कबाबच्या काड्याही तो सोडत नाही. सान्नांसाठी (इडलीसारख्या तांदळाच्या पदार्थासाठी) आंबवलेले कच्चे पीठ उरले असेल तर तेही टाकू नका, पोटात ते फुगत राहते आणि त्यातून दारू तयार होते. हाडे, काटे, मसाला वेगळे काढून कचऱ्याच्या झाकणबंद डब्यात टाका. साधा भात, उकडलेले अंडे, उकडलेला दुधी भोपळा द्या. उकड्या तांदळाची बिनमिठाची पेज थंड करून ठेवलीत तर वाड्यावरचे सगळे कुत्रे ती चाटूनपुसून पितील.