पहिली क्लासिक ट्रायल (जुन्या मोटरसायकलींवर दगड-चिखलातून पाय न टेकता जायची स्पर्धा) आहे ना? मग हे ऐक

जुनी बुल्टॅको शेर्पा घेतलीस, झकास! नामवंत ट्रायल रायडर सॅमी मिलरने १९६५ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल शेर्पावरच जिंकली. पण तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आधी मोकळ्या मैदानात पायांना सवय लाव, नाहीतर ऐन चिखलात गोंधळ ठरलेला. (माझा झाला होता, भर ओढ्यात. लोक बघत होते.)

मागच्या टायरात हवा पाचेक पीएसआयच ठेव. दगडावर रबर पसरलं पाहिजे. सेक्शन (गुण मोजले जातात तो अवघड टप्पा) आधी पायी फिरून बघ. पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, तीनदा किंवा जास्त टेकला तरी ३च. थांबलास, पडलास की थेट ५. म्हणून तोल गेला तर लाजू नकोस, बिनधास्त पाय टाक. आणि क्लचची जादा केबल घेतलीस का?