आमच्या कॉलेजच्या विकिपीडिया पानावर चुकीची माहिती आहे. मी दोनदा दुरुस्त केली, दोन्ही वेळा उलटवली गेली. आता काय करावं?

तुम्ही म्हणता की पानावर स्थापनेचं साल चुकलंय, संस्थापक म्हणून भलत्याच माणसाचं नाव आहे, आणि तुम्ही तिथलेच माजी विद्यार्थी असल्यामुळे तुम्हाला खरं काय ते माहीत आहे. तरी कुणीतरी ‘संदर्भ नाही’ एवढाच शेरा मारून तुमचं लिहिलेलं काढून टाकलं.

तिसऱ्यांदा तेच करू नका. ज्याने उलटवलं त्याचं बरोबर आहे. हे वाचून तुम्हाला राग येईल. मलाही आला होता, आणि माझ्या रागाला पन्नास वर्षांचं कारण होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझे वडील, अण्णा, त्याच कॉलेजात शिपाई होते. कॉलेज सुरू झालं तेव्हा इमारत नव्हती. बाजारातल्या एका गोदामात वर्ग भरायचे आणि घंटा म्हणून लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. पहिल्या दिवशी त्यावर पहिला टोल अण्णांनी दिला. ते साल १९६१, महिना जून. अण्णांना हे साल पाठ करावं लागलं नव्हतं. कॉलेज सुरू होऊन तीनेक आठवडे झाले आणि १२ जुलैला पानशेत फुटलं. पुणं पाण्यात गेलं, पुण्याचं टपाल अडलं, आणि विद्यापीठाकडून यायचे प्रवेशाचे कागद कितीतरी दिवस आलेच नाहीत. प्राचार्य रोज अण्णांना पोस्टात पाठवायचे आणि अण्णा रोज रिकाम्या हातांनी परत यायचे. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली.

आता कॉलेजच्या विकिपीडिया पानावर काय होतं ते सांगतो. ‘महाविद्यालयाची स्थापना १९६० साली शिवाजी विद्यापीठाच्या संलग्नतेने झाली.’ शिवाजी विद्यापीठच मुळात १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं. त्याआधी आमच्या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती, आणि १९४९ च्या आधीची मुंबईकडे. म्हणजे ते एकच वाक्य स्वतःला खोटं पाडत होतं आणि कित्येक वर्षं तसंच उभं होतं. (तुमच्या पानावर आधी हेच तपासा. कॉलेजचं साल आणि विद्यापीठाचं साल शेजारी मांडलं की निम्म्या थापा तिथेच उघड्या पडतात.)

१९६० हे साल आलं कुठून, तेही मला ठाऊक आहे. संस्थेची नोंदणी त्या वर्षी झाली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यामुळे ‘राज्याबरोबर जन्मलेलं कॉलेज’ हे भाषणात छान वाटतं. म्हणून २०१० साली सुवर्णमहोत्सव ठरला. स्मरणिकेच्या समितीत मी होतो. बैठकीत मी अण्णांना घेऊन गेलो, तेव्हा ते पंच्याहत्तरीचे होते. त्यांनी पानशेतची गोष्ट सांगितली आणि शांतपणे म्हणाले, ‘जून एकसष्ट. साठ नव्हे.’ त्यावर समितीतले इतिहासाचे एक प्राध्यापक म्हणाले, ‘आता शिपायाच्या आठवणीवर संस्थेचा इतिहास लिहायचा का?’ कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. अण्णांनी टोपी घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते निघाले. स्मरणिकेत १९६० छापलं गेलं. अण्णा पुढे चार वर्षांनी गेले.

निवृत्तीनंतर मी विकिपीडियावर खातं काढलं ते फक्त या एका आकड्यासाठी. साल बदललं, रुळाच्या घंटेची हकीकत लिहिली, पानशेतचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सगळं गायब. ‘संदर्भ नाही, मूळ संशोधन.’ (म्हणजे आधी कुठेच छापून न आलेलं, लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं.) मी परत लिहिलं, परत गेलं. त्या अनोळखी संपादकात मला तो प्राध्यापकच दिसायला लागला. चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल संपादक आपसात बोलतात त्या जोडपानावर, मी लांबलचक लिहिलं की मी तिथे एकतीस वर्षं नोकरी केली, माझ्या वडिलांनी पहिली घंटा दिली, तुम्ही कोण सांगणारे? त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं: तुम्ही खरं सांगत असाल, पण वाचणाऱ्याला ते तपासता आलं पाहिजे. आणि १९६० लाही संदर्भ नाही, म्हणून मी तेही काढतोय.

ही दुसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पानावरून १९६० खरोखरच गेलं होतं. चेअरमन, प्राध्यापक, वेबसाइट, कुणाच्याच शब्दावर ते टिकलं नाही. शिपायाकडे जो पुरावा मागितला तोच संस्थेकडेही मागितला गेला. बैठकीत हे झालं नव्हतं. तिथे अण्णांकडे कागद मागितला, पण साठ सालचे वर्ग दाखवणारा कागद कुणीच टेबलावर ठेवला नव्हता. त्या दिवशी मी तोंड उघडून एवढंच विचारायला हवं होतं.

मग शोध सुरू झाला. कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचं काही उरलेलं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात गोदामाची एक भिंत पडली आणि पुढच्या पावसाळ्यात तिथलं दप्तर भिजून गेलं. ग्रंथालयाचं दाखल रजिस्टर मात्र माझ्याच हाताखाली होतं. क्रमांक १, एक इंग्रजी-मराठी कोश, नोंद जुलै १९६१. मला वाटलं झालं काम. पण हाताने लिहिलेलं, अप्रकाशित रजिस्टर विकिपीडियाला चालत नाही. शेवटी पहिल्या तुकडीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कॉलेजच्या नियतकालिकाचा पहिला अंक सापडला, १९६१-६२ चा. त्यात त्यांची एक कविता छापून आली होती, म्हणून त्यांनी तो जपला होता. प्राचार्यांच्या अहवालात स्वच्छ लिहिलेलं होतं: जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुरू झाले, पुणे विद्यापीठाची मान्यता, आणि पुण्यातल्या पुरामुळे कागदपत्रांना झालेला उशीर. अण्णांची गोष्ट, प्राचार्यांच्या शब्दांत.

छापील संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे असं काही नाही. अंकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक दिला की पुरतो. तो देऊन मी आधी चर्चापानावर मजकूर ठेवला, आठवडाभर थांबलो, मग पानावर घातला. एकाने एका वर्तमानपत्राच्या पुरवणीतला लेख आणला, त्यात १९६० होतं. तो लेख वाक्यासकट आमच्या जुन्या विकिपीडिया पानावरून उचललेला होता. पानाच्या इतिहासात प्रत्येक संपादनाची तारीख राहते, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हे दाखवणं सोपं गेलं. या फेऱ्यापासून सांभाळा. विकिपीडियावरून पेपरात आणि पेपरातून पुन्हा विकिपीडियावर, अशी कॉलेजांबद्दलची किती माहिती फिरत असते!

आता पानावर दोन्ही सालं आहेत: संस्थेची नोंदणी १९६०, वर्गांची सुरुवात जून १९६१. हेच बरोबर आहे. मोठ्या कॉलेजांचंही असंच असतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची आणि फर्ग्युसन १८८५ चं, कुणी त्यात घोळ घालत नाही. डेक्कन कॉलेजची मुळं १८२१ च्या पाठशाळेत, पुढे १८५१ ला पूना कॉलेज, आणि आजचं नाव १८६४ चं. कुठलं साल कशाचं, एवढं लिहिलं की भांडण मिटतं. माजी विद्यार्थी एका सालासाठी हट्ट धरतात तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या असण्याची शक्यता बरीच असते, हे तुमच्या बाबतीतही पडताळून पाहा. ते प्राध्यापक मात्र खरे नव्हते. त्यांनी प्रश्न चुकीच्या माणसाला एकट्याला विचारला, हे माझं आजही ठाम मत आहे.

तुमच्या संस्थापकाच्या नावाचं मी फारसं सांगू शकत नाही, तो वाद सालाहून अवघड. जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, धावपळ तिसऱ्याची, आणि नाव चौथ्याचं, असं आपल्याकडे सगळीकडे आहे. तिथेही वाट तीच. जुन्या विद्यापीठाच्या वार्षिक अहवालांत संलग्न कॉलेजांच्या याद्या असतात, जिल्हा गॅझेटियरमध्ये शिक्षणाचं प्रकरण असतं, उद्घाटनाची बातमी त्या वेळच्या पेपरात असेल. माहितीपत्रकातला मजकूर उचलून टाकू नका, तो प्रताधिकारात अडकतो आणि ‘निसर्गरम्य परिसर’ वगैरे जाहिरातीची भाषा तसंही कुणी ठेवणार नाही. माहितीचौकटीतलं साल बदलूनही बदलत नसेल तर ते बहुधा विकिडेटावरून, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यातून, येतंय, तिथे जाऊन संदर्भासकट दुरुस्त करा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. तुम्ही आता त्या कॉलेजात नोकरीला असाल, किंवा संस्थेने सांगितलं म्हणून लिहीत असाल, तर ते सदस्यपानावर (तुमच्या खात्याच्या पानावर) उघड लिहा आणि थेट पानाला हात न लावता चर्चापानावर विनंती करा. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं बंधनकारकच आहे. मी निवृत्त असूनही वडिलांचं नाव पानावर घातलं नाही. ते माझं काम नव्हे. त्या अंकाच्या शेवटी सेवकवर्गाची यादी आहे, तिथे त्यांचं नाव छापलेलं आहे. संदर्भ तपासायला जो अंक उघडेल त्याला ते दिसेल.

तुमचं कॉलेज कोणत्या काळातलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. साठच्या दशकातलं असेल तर पहिल्या तुकडीतली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. संगणक बंद करून आधी त्यांच्याकडे जा. कॉलेजचा जुना अंक, निकालपत्र, उद्घाटनाची छापील पत्रिका, काही आहे का विचारा. आणि त्यांच्या घरचे माळा साफ करण्याच्या आत जा. आम्हाला अंक मिळाला तेव्हा ती ट्रंक रद्दीवाल्यासाठी खाली काढून ठेवलेली होती.