इंग्लंडमध्ये घराची ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे घर पक्कं झालं का? सॉलिसिटर (म्हणजे आपला वकील) नक्की काय करतो?

नाही हो, अजिबात पक्कं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत (म्हणजे दोन्ही बाजूंनी सह्या केलेले करार एकमेकांना देऊन सौदा बांधील होईपर्यंत) दोघांपैकी कोणीही हात वर करू शकतं, मालकाने मधेच जास्त पैसे देणारा दुसरा गाठला तरी काही करता येत नाही, आणि तोवर वकिलाचा नि सर्व्हेचा खर्च झालेला असतो तो गेला. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, ते इथे धरू नका.)

सॉलिसिटर लँड रजिस्ट्रीत मालकी तपासतो, काउन्सिल, ड्रेनेज, एन्व्हायर्नमेंट अशा सर्चेस (घराबद्दलच्या नोंदींची तपासणी) मागवतो, समोरच्या वकिलाला प्रश्न पाठवत बसतो, यातच आठवडेच्या आठवडे जातात. घर बघायला तो जात नाही, त्यामुळे भिंतीला ओल आहे का वगैरेसाठी सर्व्हेअर वेगळा लावा. फ्लॅट असेल तर बहुतेक वेळा लीजहोल्ड (म्हणजे कायमची मालकी नाही, ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा), तेव्हा किती वर्षं उरलीत ते आधी विचारा, 80 च्या खाली असेल तर मी तरी लांबच राहीन.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते पैशाच्या सोर्सवर. आईबाबांनी पुण्याहून पाठवले एवढं सांगून भागत नाही, त्यांचं बँक स्टेटमेंट, गिफ्ट लेटर (पैसे भेट दिलेत, परत नकोत असं पत्र), जमीन विकली असेल तर तिचे कागद, सगळं मागतात. ते आत्ताच जमवायला घ्या.

एक्स्चेंजला साधारण 10 टक्के डिपॉझिट जातं, त्यानंतर माघार घेतली तर ते बुडालंच समजा. किल्ली कम्प्लीशनच्या दिवशी, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात येतं त्या दिवशी. इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्यूटीचा (घरखरेदीवरच्या कराचा) रिटर्न त्यानंतर 14 दिवसांत, तो सॉलिसिटरच भरतो.