सॅपमध्ये कोणता टी-कोड कोणी चालवला, हे कुठे दिसतं?

तुम्ही लिहिलंय की मकरपुऱ्याच्या कारखान्यात ऑडिटरने सॅप या कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षभरात एफ११० (पेमेंट काढणं), एफके०१ (नवा व्हेंडर उघडणं) आणि एसई१६एन (टेबल थेट बघणं) हे टी-कोड, म्हणजे स्क्रीन उघडायचे कोड, कोणी चालवले याची यादी मागितली आणि तुम्ही दिलेली एसयूआयएमची यादी परत पाठवली. ऑडिटरचं बरोबर आहे. एसयूआयएम सांगतं परवानगी कोणाकोणाला आहे. वापर कोणी केला, हे त्यात नाही.

वापर दिसतो सिक्युरिटी ऑडिट लॉगमध्ये. एसएम१९मध्ये, एस/४ (सॅपची नवी आवृत्ती) असेल तर आरएसएयू_कॉन्फिगमध्ये, फिल्टर लावून एयू३ हा इव्हेंट चालू करा. ट्रान्झॅक्शन सुरू झालं की त्याची नोंद पडते. एयू४ पण घ्या, म्हणजे कोणाला अडवलं गेलं तेही कळेल. वाचायला एसएम२०, किंवा आरएसएयू_रीड_लॉग. पण हा लॉग आज चालू केला तर आजपासूनच भरणार. मागच्या वर्षासाठी एसटी०३एनमध्ये युजरनिहाय महिन्याचे आकडे मिळाले तर मिळाले. बेसिसवाल्यांनी (सॅपची सिस्टिम सांभाळणाऱ्यांनी) ते किती महिने ठेवलेत त्यावर आहे. एसटीएडीचा कच्चा तपशील तर डीफॉल्टला ४८ तासांचाच.

खरं सांगायचं तर मागच्या वर्षासाठी दुसरीकडेच शोधा. एयू३ सांगतो की स्क्रीन उघडली. कालचं पेमेंटचं प्रपोजल नुसतं बघायला कोणी एफ११०मध्ये शिरलं तरी नाव येणारच. काम काय झालं ते बीकेपीएफ या हिशेबाच्या डॉक्युमेंटांच्या टेबलमध्ये सापडेल: प्रत्येक डॉक्युमेंटवर युजर आणि टी-कोड दोन्ही असतात. व्हेंडरचा बँक खाते क्रमांक कोणी बदलला, हे सीडीएचडीआर आणि सीडीपीओएस या बदल नोंदवणाऱ्या टेबलांमध्ये. एसई१६एनमधून थेट टेबल बदललं असेल तर एसई१६एन_सीडी_की बघा. १ एप्रिल २०२३पासूनच्या आर्थिक वर्षांना लागू झालेला कंपनी कायद्याखालचा ऑडिट ट्रेलचा नियमही नोंदीतल्या बदलांबद्दल आहे, कोणी काय उघडलं याबद्दल नाही. काही ऑडिटर दोन्हीची गल्लत करतात, तेव्हा त्यांना नेमकं काय हवंय ते आधी विचारून घ्या.

एस/४वर असाल तर एफके०१ दिलं तरी बीपी (बिझनेस पार्टनर) हाच टी-कोड उघडतो, म्हणून शोधही बीपीचाच घ्या. फिओरीच्या (सॅपच्या ब्राउझरमधल्या स्क्रीनच्या) स्वतःच्या ॲपला टी-कोड नसतो, तिथे एयू३ गप्प बसतो.

आणि आपल्या बडोद्यात सर्रास दिसणारी गोष्ट: स्टोअरचा एकच आयडी, तिन्ही पाळ्यांची माणसं त्यावर. तुमच्याकडे तसं असेल तर लॉगमधलं टर्मिनलचं नाव आणि हजेरी जुळवून अंदाज बांधता येईल, पण ऑडिटर तो पुरावा म्हणून क्वचितच घेतो. आयडी वेगळे करायचं काम बेसिसवाल्यांच्या मागे लागून आधी उरका.

ईसीसी (सॅपची जुनी आवृत्ती) आहे की एस/४, ते कळवा. फिल्टर नेमके कसे लावायचे ते त्यावर लिहितो.